एक कोरडा हात जास्त

४ मार्च

आलो बाई एकदाचे! मी, बाबा, दोन बॅगा, माझी हत्यारांची पेटी आणि बाबांची उशी. ती उशी नसेल तर बाबा रात्रभर छत मोजत बसतात, म्हणून ती मांडीवर घेऊन आले अख्खा रस्ता.

जागा छान आहे. नुसतं 'निवास' म्हणतात सगळे. तीन मजले, लांबच लांब बोळ, आणि इथून तिथून सगळीकडे गालिचे. खोल्यांत, बोळांत, जिन्यावरसुद्धा. म्हातारी माणसं पडून हाडं मोडू नयेत म्हणून, असं नर्सबाई म्हणाल्या. गालिचे धुण्याचं मशीन सांभाळायचं आणि चालवायचं हे माझं काम. त्या बदल्यात बाबांना इथे खाट. बारा नंबरची खोली, खिडकीजवळ. बाबांनी खाटेवर बसून दोनदा उड्या मारून बघितल्या आणि बसच्या सीटपेक्षा बरी आहे म्हणाले. आयुष्यभर बस चालवली त्यांनी, सगळ्या गोष्टी त्याच मापाने मोजतात.

तीन ठिकाणांनी त्यांना नाकारलं होतं. हृदय थकलंय, अंगात पाणी साठतं, पाय सुजून खांबाएवढे झालेत. डॉक्टरांनी दिवसाला चार कप पाणी ठरवून दिलंय, त्याच्यावर एक थेंब नाही. अशा माणसाला ठेवून घ्यायला कोणी तयार होईना. म्हणून ही नोकरी मी सोडणार नाही, काय वाटेल ते झालं तरी.

इथल्या मुख्य म्हणजे मोठ्या बाई. उंचीला माझ्या खांद्याला लागतात, पण बोलायला लागल्या की आपणच खाली बघतो. त्यांनी आल्याआल्याच सांगितलं की मशीन चालतंय तोवर खाट तुझ्या वडिलांची. बाहेर थांबलेल्यांची यादी भलीमोठी आहे. मी म्हटलं, बारा वर्षं हेच करतेय, न चालणारं मशीन मला अजून भेटलेलं नाही. जरा फुशारकीच मारली.

५ मार्च

मशीन बघितलं. अगं बाई, काय अवतार! इथले लोक त्याला सासूबाई म्हणतात, कारण दिवसभर गुरगुरते आणि कुणाचंच काम तिला पसंत पडत नाही. मी दोन वर्षं खरीखुरी सासू सोसलेली आहे. हिला निदान बंद करायचं बटण आहे.

तक्रार अशी की फवारा येत नाही, नुसतं थुंकल्यासारखं पाणी गळतं; आणि ओढही नाही. धुतलेला गालिचा दोन-दोन दिवस ओला राहतो, वास मारतो.

माझ्या उस्तादांनी शिकवलं होतं, पाण्याचा रस्ता धरून चालत जा. या मशीनला दोन टाक्या असतात. एकीत स्वच्छ पाणी भरायचं. पंप ते पाणी पाइपातून दांडीच्या टोकापर्यंत ढकलतो, तिथल्या नोझलमधून गालिच्यावर फवारा बसतो. नोझलच्या शेजारीच एक रुंद तोंड असतं, ते घाण पाणी ओढून दुसऱ्या टाकीत टाकतं. फवारा मारत एकदा दांडी फिरवली की तो ओला हात. मग फवारा बंद ठेवून नुसती ओढ घेत फिरवायचं, तो कोरडा हात. आणि रोज लिहायचं, आत किती घातलं, परत किती आलं. दहा लिटर घातलं तर आठ परत येतं. दोन गालिच्यात मुरतं. ही वही त्याच सवयीची. उस्ताद म्हणायचे लिटर लिही, मी लिटराबरोबर घरातलं रडगाणंही लिहिते.

आज दहा घातलं. परत आलं साडेतीन. सासूबाई, तुमचं काही खरं नाही.

६ मार्च

दिवसभर उघडून बसले होते. फवाऱ्याचं दुखणं साधं निघालं. नोझलच्या भोकात क्षार साचून दगड झाला होता, व्हिनेगरमध्ये भिजत घातला. टाकीच्या तळाची जाळी केसांनी भरलेली. पंपात हवा अडकलेली, ती काढली. दुपारपर्यंत फवारा असा बसला की माझाच चष्मा ओला.

ओढीचं दुखणं मात्र चमत्कारिक. पाइप सोडवला तर आत बोळा. मेण लावलेल्या फडक्याचा, गोल वळलेला, घट्ट. त्याच्यापुढे दुसरा. वाकणाशी तिसरा, टाकीच्या तोंडाशी चौथा. आणि मोटरच्या गळ्याशी पत्र्याची एक चकती बसवलेली, मधोमध करंगळीएवढं भोक. एवढं नीटस काम की बघत राहावं! माझ्याआधी जो मेकॅनिक होता त्याचे हे उद्योग. मी त्याचं नाव ठेवलं बोळेबुवा. कामचुकार माणूस कामाइतकेच कष्ट काम टाळायला घेतो, ते हे असं.

नर्सबाईंना दाखवून हसले. त्या नाही हसल्या. तो माणूस उगीच काही करणारा नव्हता, एवढंच म्हणाल्या आणि निघून गेल्या. असेल बाई तुमचा लाडका. मी पाचही वस्तू कचऱ्यात टाकल्या आणि गाडी येऊन कचरा घेऊनही गेली.

७ मार्च

पहिली चाचणी. दहा घातलं. साडेअकरा परत आलं.

मापच चुकलं म्हणून पुन्हा केलं. पुन्हा साडेअकरा. मग डोक्यात प्रकाश पडला. इतके महिने गालिचे ओलेच राहिलेत, ते जुनं मुरलेलं पाणी आता निघतंय. दोन दिवसांत संपेल.

मोठ्या बाईंनी हाताची मागची बाजू गालिच्यावर फिरवली. कोरडा खडखडीत. पहिल्यांदाच हसल्या. आता रोज सगळ्या खोल्या करायच्या, दुपारी दोन ते चार, माणसं खाटांवर आडवी असतात तेव्हा, असं ठरलं. मला इतका आनंद झाला की बाबांना जाऊन सांगितलं. ते म्हणाले, डेपोतही नवीन माणूस पहिल्या आठवड्यात असाच नाचतो.

९ मार्च

जुनं पाणी संपत नाहीये. आज खोली नंबर अकरात दहा घातलं, बारा आलं. आणि एक गोष्ट कळत नाही. घालताना पाणी गार असतं, परत येताना कोमट. मोटरच्या उष्णतेने होत असेल. हाताला जरा चिकट लागतं.

पण आजची खरी बातमी वेगळीच आहे. बाबांच्या पायाची सूज उतरली! उजव्या घोट्याचं हाड दिसायला लागलं, दोन वर्षांनी. डॉक्टरांनी बोटाने दाबून बघितलं, खळगा पडेना. हवापालट मानवला म्हणाले. एकोणीसला परत तपासतो, सूज पूर्ण गेलेली असेल तर पाण्याचं बंधन उठवू असं म्हणाले. बाबा लहान मुलासारखे बघत होते त्यांच्याकडे. मी भांडी घासायच्या खोलीत जाऊन रडून घेतलं.

अकरामधले मास्तर मात्र सुकल्यासारखे वाटले. ओठ फुटलेत. गणित शिकवायचे पूर्वी. मी खोली करत होते तेवढ्यात तीनदा पाणी मागितलं आणि वर माझ्या वहीतल्या आकड्यांना नावं ठेवली. माझा सात एकासारखा दिसतो म्हणे.

१२ मार्च

आज नीट, क्रमाने लिहिते.

दोष सापडत नसेल तर एकेक भाग वेगळा करून तपासायचा. तसं केलं. प्रत्येक खोलीला वेगळं मापलं, प्रत्येक वेळी दहा लिटर घालून. मास्तरांची खोली, बारा. नऊ नंबर, विणकामवाल्या आजींची, साडेअकरा. बाबांची, साडेबारा. मग सात नंबर, जी रंगकामासाठी गेल्या आठवड्यापासून रिकामी ठेवली आहे. तिथे आलं आठ. बरोब्बर आठ, नियमाप्रमाणे.

परत रिकाम्या खोलीत केलं. आठ. नर्सबाईंना म्हटलं, जरा आत येऊन या खाटेवर दोन मिनिटं पडा. त्या दारातच थांबल्या, उंबऱ्याच्या आत पाऊल टाकेनात. तेव्हा मी त्यांच्या पायांकडे पहिल्यांदा नीट बघितलं. जाड रबरी तळव्याचे बूट. मोठ्या बाईंचेही तसेच. माझे तर कामाचेच आहेत, विजेचा धक्का बसू नये म्हणून. फक्त इथे राहणारी माणसं अनवाणी असतात, लोखंडी खाटांवर, आणि खाटांचे पाय थेट गालिच्यावर.

कुणाला तरी सांगायला हवं. आजच सांगायला हवं.

बाबांच्या खोलीत गेले तर ते उभे होते. कुणाचा आधार न घेता, खिडकीशी. दोन्ही घोटे दिसत होते.

नाही सांगितलं.

१४ मार्च

विणकामवाल्या आजी गेल्या. न्यायला एकच माणूस आला. चादरीची गुंडाळी उचलावी तशा एका काखेत घेऊन गेला. जेवणाच्या सुट्टीआधी त्यांच्या खाटेवर नवीन बाई बसलेल्या होत्या, आपली जपमाळ शोधत.

मग मात्र मी मोठ्या बाईंकडे गेले. बोलायला तोंड उघडलं तर त्या कागदांवरून मान वर न करता म्हणाल्या की माझं काम उत्तम आहे. आधीच्या माणसाच्या काळात एकेक खाट मोकळी व्हायला वर्ष लागायचं. बाहेर लोक ताटकळत असतात, त्यांचाही विचार करायला हवा. मी म्हटलं, मी मशीन बंद करते. त्यांनी यादी माझ्याकडे वळवली आणि बाबांच्या नावावर पेन टेकवून ठेवलं. रागावल्या नाहीत की काही नाही. चहा घेणार का, विचारलं.

मी चहा घेतला. लाज वाटायला हवी होती. चहा चांगला होता.

दुपारी दोन वाजता मशीन सुरू केलं. बाकीच्या खोल्यांत नेहमीसारखं. बाबांच्या खोलीत हलकासा एकच कोरडा हात, सूज उतरेल इतकाच.

१६ मार्च

नर्सबाईंनी आज मला हाताला धरून शेवटच्या खोलीत नेलं. तिथे नव्वदीचे एक आजोबा पडून असतात, मी त्यांच्या खोलीत रोज दांडी फिरवते. त्यांच्यातून फार तर चमचाभर निघतं.

ते बोळेबुवा आहेत. वय त्रेचाळीस.

बोलताना आवाज येत नाही, कागद चुरगळल्यासारखं काहीतरी येतं. कान तोंडाला लावून ऐकलं. म्हणाले, मशीन मोडलं असतं तर दुसरं आणलं असतं, बंद केलं असतं तर दुसरा माणूस आणला असता. म्हणून चालू ठेवून गळा आवळला होता. दोन वर्षं कुणाला पत्ता नव्हता. मग मोठ्या बाईंनी पाइप उघडून बघितला, आणि त्यांना बूट काढायला लावून, ओढ कमी म्हणून दिवसभर गालिच्यावर उभं केलं. त्यांची ताकद गेली, पण बोळे काढणं बाईंना जमेना. त्यासाठी जाणकार माणूस शोधत होत्या त्या.

तो जाणकार माणूस मी.

आणखी एक गोष्ट सांगितली त्यांनी. ओढलेलं पाणी परत देता येतं. ते स्वच्छ पाण्याच्या टाकीत ओतून पायांवर फवारलं की अंग पिऊन घेतं. पण परक्याचं एक दिवसच टिकतं. रक्ताच्या माणसाचं कायमचं राहतं. त्यांना कुणी नव्हतं.

शेवटी त्यांनी विचारलं की बोळे कुठे ठेवलेस. मी खरं सांगितलं. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. मी नवे बोळे वळते म्हटलं, तर मान हलवून नाही म्हणाले. बाई आता रोज सकाळी स्वतः पाइपात हात घालून बघतात. मलाही माहीत आहे ते. तरी म्हटलं.

१८ मार्च

मी काय केलं हे. मी काय करून बसले.

उद्या डॉक्टर येणार. डाव्या घोट्याशी थोडीशी सूज राहिली होती, लिंबाएवढी. तेवढी गेली की बाबांना हवं तेवढं पाणी. सकाळपासून तोच विषय चालला होता त्यांचा, पहिला पेला गार घेऊ की साधा. मी म्हटलं, आज एक कोरडा हात जास्त मारू. एकच. खाटेच्या कडेपासून भिंतीपर्यंत, सावकाश, शिकवल्यासारखा.

तो संपवून मी आवरत होते, बाबा बोलत होते. डेपोतल्या कुठल्यातरी मित्राचं सांगत होते. वाक्य अर्धं राहिलं.

वळून बघितलं तर गाल आत गेलेले. हातावरची कातडी चिमटीत धरली ती तशीच उभी राहिली. जीभ टाळूला चिकटलेली. डोळे मात्र माझ्याकडे, सगळं समजतंय त्यांना.

परत देता येतं, परत देता येतं असं म्हणत टाकीकडे धावले. टाकी रिकामी. काम संपलं की मोरीत ओतायची, बारा वर्षांची सवय. मीच ओतली होती, दोन मिनिटांपूर्वी. बाबांचं पाणी मोरीत गेलं.

पाजलं तर घशाखाली उतरत नाही. कडेने ओघळतं.

१९ मार्च

डॉक्टर आलेच नाहीत. मोठ्या बाई आल्या. बाबांकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं, आणि खाट उद्यापर्यंत मोकळी होईल का असं मला विचारलं.

त्या गेल्यावर मी मास्तरांच्या खोलीत गेले.

लिहून ठेवते, म्हणजे नंतर मला वेगळं काही सांगता येणार नाही. मास्तर जागे होते. पाणी मागितलं. मी म्हटलं, आणते हं. आणि मशीन सुरू केलं. फवारा लावलाच नाही. नुसते कोरडे हात. अडीच लिटर निघालं. ते पूर्ण वेळ माझ्याकडे बघत होते आणि हात जोडत होते. मी आकडा बघत होते.

बाबांच्या पायांवर फवारलं. कोरड्या मातीत जिरावं तसं जिरलं. पाच मिनिटांत उठून बसले! मी गळ्यात पडले त्यांच्या.

मग त्यांनी माझी वही ओढून घेतली आणि म्हणाले की सात नीट काढ. आणि एकोणतिसाचा पाढा म्हणायला लागले. बाबा तिसरीत शाळा सोडलेले. संध्याकाळपर्यंत म्हणत होते, थांबवता थांबेनात.

२० मार्च

मास्तर सकाळी गेले. त्याच माणसाने नेले. काखेतच.

अकरा वाजल्यापासून बाबांचा पाढा अडखळायला लागला— मग बंद. दुपारी परत गाल आत. बोळेबुवा खरं बोलले, एकच दिवस.

तेरा नंबरच्या दाराशी जाऊन उभी राहिले. नवीन बाई, जपमाळवाल्या, त्यांना तिथे हलवलंय. मला बघून सरकून बसायला जागा करून दिली. म्हणाल्या, बस गं, दमलीस.

नाही झालं माझ्याच्याने. म्हणजे— केलं. थोडंच. एक लिटर. उद्यापर्यंत पुरेल.

आता परकं नको. आता माझं.

२१ मार्च

दुपारी दोन. सगळं ठरवलंय, कामासारखं करायचं.

दांडीचं तोंड खाली करून माझ्या खुर्चीपुढे ठेवलंय. बूट काढले. गालिचा पायाला मऊ लागतो, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच कळलं. मोठ्या माणसाला दीड लिटर सहज सोसतं, बोळेबुवांना विचारून घेतलं. टाकीवर दीडला काळ्या शाईने रेघ मारली. बाबांच्या खाटेच्या पायांखाली रबर सरकवलं, म्हणजे त्यांचं ओढलं जाणार नाही. ओढ सुरू झाली की माझे हात चालतील, पण पाय उचलणार नाहीत, असं ते म्हणाले. म्हणून बटणाची वायर लांबवून बाबांच्या हाताशी ठेवली. कालच्या पाण्याने एवढी ताकद आहे त्यांना. तीनदा समजावलं. रेघेला पाणी लागलं की दाबायचं. त्यांनी एकदा दाबूनही दाखवलं, ब्रेक मारल्यासारखं.

मग माझ्या डोक्यावर हात ठेवला. कायमचं राहील ना, विचारलं. म्हटलं, हो बाबा.

सुरू केलं.

दुखत नाही. तळव्यांना गारवा. लिहीत राहते, लिहिता येतंय तोवर ठीक आहे असं समजायचं—

अर्धा लिटर.

तोंड कोरडं. बाबा टाकीकडे बघताहेत, लक्ष देऊन. बरं वाटलं.

एक. बोटं जरा आखडतात—

सव्वा. बाबांना आता तयार राहा म्हटलं. मान हलवली—

रेघ.

रेघ आली. बाबा म्हटलं. आवाज लहान आला, ऐकू गेला नसेल—

रेघेच्या वर दोन बोटं. परत म्हटलं. त्यांनी ऐकलं. माझ्याकडे बघितलं. मग टाकीकडे. मग उशी सारखी करून मागे टेकले—

दोन लिटर. पाय उचलत नाहीत. बटण त्यांच्या मुठीत आहे, अंगठा वरच आहे—

डोळे मिटून घेतलेत. झोपलेत असं दाखवताहेत. झोप लागली की बाबा घोरतात, मला माहीत आहे, घोरत नाहीयेत— पापण्या हलताहेत—

अडीच— बाबा, जागे आहात तुम्ही, मला दिसतंय, बाबा, नुसता अंगठा—